बस आली, फोन गप्प

मंगळवार, संध्याकाळ. दिघी.

आज पहाटे आईची चाकणच्या कंपनीची बस चुकली, तीही मी ज्यावर काम करते त्याच अ‍ॅपमुळे. बस जवळ आली की फोन वाजायला हवा. वाजलाच नाही.

चूक आमच्या टीममधल्या नव्या दीपालीच्या कोडमध्ये निघाली. अ‍ॅपमधलं बसचं पान बंद होताना तिने क्लोजर, म्हणजे बस आल्यावर चालणारा कोडचा तुकडा, निल, म्हणजे रिकामा, केला होता. मेमरी मोकळी व्हावी म्हणून. पोरीने तिला शिकवलं होतं तसंच केलं. पण आई ते पान बंद करूनच फोन पिशवीत टाकते! आणि कोडमध्ये त्या तुकड्यापुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे: असेल तर चालव, नसेल तर गपचूप पुढे जा. ना क्रॅश, ना एरर. फोन गप्प.

"प्रश्नचिन्हाऐवजी उद्गारचिन्ह टाकू? तुकडा नसला तर निदान क्रॅश होऊन कळेल तरी," दीपाली रडवेली होऊन म्हणाली. अगं, मग स्टॉपवर सगळ्यांचंच अ‍ॅप बंद पडेल! शेवटी तो तुकडा आम्ही पानाकडून काढून बसवर लक्ष ठेवणाऱ्या भागाकडे दिला.

अ‍ॅप येण्याआधी मागच्या स्टॉपवर चढणारी शोभामावशी आईला मिस्ड कॉल द्यायची. अ‍ॅप आलं, तो कॉल बंद झाला. आत्ता मावशी घरी आलेली असताना दीपालीचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. "मावशी, उद्या मलाही मिस्ड कॉल द्या. उठून बघते, सूचना जाते का."

मावशी म्हणाली, "पहाटं कशाला उठती गं बाय? तू नीज. मी हाय की बसमधी."