नावासाठी रडणारी

किन्नगाइट,
१४ एप्रिल

प्रिय मियाली,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळी मजेत. वारा पडलाय, विमानं पुन्हा यायला लागलीत, आणि तुझ्या भावजींना काल गलेलठ्ठ सील मिळाला. तू तिकडे ओटावाच्या कॉलेजात डब्यातले मासे खात असशील, म्हणून मुद्दाम कळवतेय. जळ थोडी!

फोनवर तू रडायला लागलीस की मी "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळी होते. पत्रात तसं जमत नाही.

तुझी लेक आता छान आहे. "आता" लिहून गेलेच, तर सांगूनच टाकते. विमानतळावर तू ती माझ्या ओटीत घातलीस, तेव्हापासून ती नुसती रडत होती. बाटली तोंडाला लावू देईना. नर्सबाईंनी तपासलं, काही सापडलं नाही. असंच चाललं तर हिला दक्षिणेला, मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं गं. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

शेजारच्या पित्सियुलाक आजीने मात्र पोरीकडे बघताच मला झापलं. "अगं, हिला दूध नकोय, नाव हवंय. गेलेलं कुणीतरी हिच्यात परत आलंय, आणि तुम्ही त्याच्या नावाने हाक मारत नाही."

कोण, ते न कळायला मी काय वेडी आहे? पण ते नाव द्यायचं तर आईनेच. आणि आईसमोर बाबांचा विषय काढायची कुणाची छाती होती? बर्फाच्या कडेला शिकारीला गेले, स्लेज सापडली, बाबा सापडले नाहीत. त्यानंतर गावातल्या दोघी-तिघी बाळंतिणी 'इटुलू' हे त्यांचं नाव बाळासाठी मागायला आल्या. आईचं प्रत्येकीला एकच उत्तर, "इटुलूला अजून लागतंय ते."

गोष्टीही तिने तेव्हाच बंद केल्या. नुसती दगड कोरत बसायची. शाळेतली मुलं दारापर्यंत येऊन परत जायची. हे तुला कधी कळवलं नव्हतं.

मंगळवारी आई उन्हात बसून समुद्रतळच्या बाईची मूर्ती कोरत होती. माझ्या अमाउतीच्या, बाळ वागवायच्या कोटाच्या, टोपीत, पाठीवर, पोरगी टाहो फोडत होती. मी वैतागून म्हटलं, "आई, निदान त्या बाईची गोष्ट तरी सांग हिला!"

वाटलं, आता कानस फेकून मारणार. तिने ती खाली ठेवली.

"बापाने तिला होडीतून ढकललं," आई म्हणाली. आवाज गंजल्यासारखा. "तिने काठ धरला, त्याने बोटं तोडली. त्या बोटांचे सील झाले, वॉलरस झाले. ती गेली तळाशी. केसांत गुंता होतो, विंचरायला बोटं नाहीत. मग चिडते आणि सगळी जनावरं अडवून ठेवते. वर माणसं उपाशी मरतात. शेवटी मांत्रिक खाली उतरतो, तिचे केस विंचरतो, तेव्हा कुठे ती सोडते..."

तिथेच थांबली. पोरीचं रडणं ऐकत राहिली. मग म्हणाली, "आण इकडे."

कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "इटुलू, पी आता. एवढी वाट बघायला लावलीस, आणि आलास तो बोळका, वर मुलगी होऊन! लाज नाही वाटत?"

मियाली, पोरगी गप्प झाली. सगळी बाटली संपवली! मी तिथेच बर्फात फतकल मारून रडले. आई म्हणते कशी, "ऊठ, बूड गोठेल."

आता घरात नुसता धुमाकूळ आहे. आई दिवसभर या नवऱ्याशी भांडते. लंगोट बदलताना म्हणते, "जन्मभर याचे कपडे धुतले, अजून सुटका नाही." काल शाळेतली मुलं आली होती, त्यांना गोष्ट मिळाली. तू आलीस की लेकीला "बाबा" म्हणायचं, आणि दटावायचं अजिबात नाही. मला किती हलकं वाटतंय, काय सांगू!

पत्राला बसले तेव्हा आईला विचारलं, मियालीला तुझ्याकडून काय लिहू? पोरीला थोपटत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही, तुझे बाबा सापडले."

तुझी ताई,
उलूसी