चपला बाहेरच आहेत

प्रिय अम्मी,

सलाम. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. खोकला आता फक्त रात्रीच येतो, तेव्हा काढा पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? अब्बा खरं सांगत नाहीत.

ज्यांच्याकडे आलेय त्या लेखिकाबाईंच्या कथांचा मराठी अनुवाद संपत आलाय. यातल्या बायका नमाज झाली की पुन्हा भांडायला बसतात, अगदी आपल्या घरासारख्या. बाईंना मराठी येत नाही, तरी रोज मला मोठ्याने वाचायला लावतात. एका कथेत मुलीला नोकरी सोडायला सांगणाऱ्या पाहुण्यांना तिची आई घालवून देते. त्या आईच्या तोंडचं माझं वाक्य ऐकून बाई म्हणाल्या, "तुझी आई बसून बोलतेय. माझी उभी राहिलीय."

मग मी तुझं वाक्य घातलं, माझ्या स्थळाच्या वेळचं: "चहा झाला असेल तर चपला बाहेरच आहेत." अर्थ सांगायच्या आधीच बाई हसल्या. "कोण ही?" मी म्हटलं, माझी अम्मी.

तुझं बोलणं छापलेलं चालेल ना? नको असेल तर बदलते. पण मग कथेतली ती आई गप्प होईल, आणि तू गप्प बसलेली मला तरी आठवत नाही.

अजूनही चपलांसकट घरात शिरणारी,
तुझी धाकटी