रबराचं हरवलेलं पातं

प्रिय लवंगी,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून लिहितोय. रविवारी तू नोकरीसाठी पाणी ओलांडून पार शहरात जाणार, हे मला तू नाही, तुझ्या बाबांच्या मोटरीने कळवलं. काल ते बोटीची मोटर खांद्यावर टाकून माझ्या मामाच्या वर्कशॉपात आले. मी समोरच उभा, पण कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून त्यांच्या लेखी मी भिंत आहे. ते मामालाच म्हणाले, पोरगी रविवारी निघतेय, बोट मध्येच बंद पडायला नको. आणि ह्याच्या हातात देऊ नकोस, अर्धवट सोडायची सवय आहे त्याला. मामा पक्का बेरकी. म्हणाला, माझी पाठ धरलीय, करेल तर तोच करेल, नाहीतर वल्ही मारा.

ती मोटर माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि तुझ्या बाबांचा तिच्यावर फार जीव आहे, म्हणजे ते तिला कधी उघडतच नाहीत. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, हा त्यांचा सिद्धांत. प्लग काजळीने काळाठिक्कर. गिअरचं तेल दुधाळ झालेलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. सील बदललं, तेल बदललं, ग्रीस भरलं. मग इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा काढला, तर त्याचं एक पातं तुटून गायब. नवा पंखा बसवणं सोपं होतं, तुझे बाबा तेवढ्यावर खूश होऊन उठलेही. पण तुटलेलं पातं गेलं कुठे? ते वरच्या नळीत अडकलं असेल तर पाणी चढणार नाही, आणि भर पाण्यात इंजिन तापून जाम होईल.

मी म्हटलं, पातं सापडेपर्यंत मोटर मिळणार नाही. ते मामाला म्हणाले, त्याला सांग, शहाणपणा पुरे. झालं, माझं डोकं फिरलं. पाना आपटून ओरडलो, तुमची मुलगी बसणार आहे त्या बोटीत, माझी नाही. मामा एकदम छताकडे बघायला लागला. तुझे बाबा मात्र तेलाच्या डब्यावर बसले आणि थेट मला म्हणाले, शोध मग, तोंड काय बघतोस. इतक्या महिन्यांतलं मला उद्देशून पहिलं वाक्य. मला तर ते गोडच लागलं.

नळीच्या वळणात सापडलं ते, नखाएवढं, वाळून कडक झालेलं. सगळं जोडून मोटर पाण्याच्या पिंपात सुरू केली, तर बाजूच्या भोकातून अशी सणसणीत धार आली म्हणून सांगू. त्यांनी धारेखाली बराच वेळ हात धरला. मग विचारलं, पोहता येतं का? येतं म्हटलं. म्हणाले, मग रविवारी बोटीत चल, मोटरीजवळ बस आणि तोंड बंद ठेव.

म्हणून हे पत्र. रविवारी ते आपल्या दोघांच्या मध्ये बसणार आणि तोंड बंद ठेवायचं मी कबूल करून बसलोय. तेव्हा आत्ताच विचारतो. तू खुशाल जा, मी अडवणार नाही, रुसणारही नाही, फार तर थोडा रुसेन. पण सुट्टीला येशील तेव्हा माझी म्हणून येशील का? हो असेल तर बोटीत चढताना बॅग माझ्या हातात दे. नसेल तर बाबांच्या हातात दे. काहीही असलं तरी मोटर मध्येच बंद पडणार नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा काम नीट केल्याचं मला जरा वाईट वाटतंय.

तुझाच,
भोंगा