रिकामी हाक

आबा, तुमची हाक माझ्याकडे अजून आहे. तीन-चार सेकंदांचीच. "हुर्रर्र… याऽ या याऽ", आणि शेवटी तुम्ही श्वास घेता तो. अंबडला मी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं त्या वर्षी टेप केलेली. मला कुणी शिकवलं न्हाई. बिघडलेली यंत्रं उघडता उघडता एक खूळ डोक्यात शिरलं. कॅसेटमधली वीतभर पट्टी कापायची, दोन टोकं चिकटवायची, की तोच आवाज घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत राहतो. रहाटाची कुरकुर, सरकी काढायच्या मशीनची धडधड, असं एकावर एक चढवून मी ऐकत बसायचो. तुम्ही विचारायचात, "गाणं कुठंय ह्याच्यात?" मी म्हणायचो, हेच गाणं. त्यावर तुम्ही: "मंग आमची मेंढरं रोजच मैफल करून राह्यली म्हणायची."

एका दुपारी ओट्यावर मी तुमच्या हाकेची पट्टी लावली, कर्ण्याचं तोंड बाहेर करून. मेंढरं विहिरीपाशी लिंबाखाली बसलेली. एकदम उठली आणि धुरळा उडवत आली. कर्ण्यापुढं माना वर करून उभी. हाक थांबेना, ती हलेनात. मला हसू आवरत न्हाई. मागून तुम्ही येता, दम लागलेला. मेंढरांकडे बघता, मग कर्ण्याकडे. मला वाटतं, आपलाच आवाज ऐकून हसाल. तुम्ही हसत न्हाई.

"ह्यायला कशाला बोलावलं?"

"असंच. बघत होतो."

"पाला हाय तुझ्याकडं? पाणी हाय?"

"न्हाई."

"हाक मारली की काही तरी द्यावं लागतं, लेका. आज रिकामी मारशील, उद्या लांडगा आला तर मी बोंबललो तरी हलायची न्हाईत."

आणि मला विहिरीवर नेऊन पोहरा हातात दिलात. जनावरं आधीच पिऊन आल्ती, तरी दगडी डोण काठोकाठ भरून घेतली. माझे तळहात सोलले. शेवटच्या मेंढीने तोंड बुडवेपर्यंत तुम्ही तिथंच उभे.

तुम्ही गेलात. मेंढरं विकली. दुकानात कॅसेट यायच्या बंद झाल्या, तेव्हा एक जुना कॉम्प्युटर घेतला. आता कापाकापी पडद्यावर होते. आवाज डोंगराच्या रांगेसारखा दिसतो. मागच्या महिन्यात तुमची हाक त्यात घातली, रहाटाच्या कुरकुरीवर चढवली आणि फिरत ठेवली. दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील, तोच आतून तुमची सून आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. पदर ती तुमच्यापुढेच घ्यायची, नंतर कधी घेतला न्हाई. संध्याकाळी गोठ्याकडून तुमची हाक आली की तांब्या भरून ओट्यावर ठेवायची, तसाच तिने तो माझ्यापाशी ठेवला. मग तिच्या लक्षात आलं.

"अहो, काय करून राह्यलात हे," ती हळूच म्हणाली. "कोण पिणार हे पाणी आता?"

हाक फिरतच होती.

"पुसून टाका ती. बिलकुल ठेवू नका."

हा कागद तुमच्या हाकेच्या कॅसेटच्याच डबीत घडी घालून ठेवीन. तिला सांगितलंय, पुसली. आबा, पुसली न्हाई. ती देवळात गेली की लावतो, बारीक आवाजात. आधी तांब्या भरून ओट्यावर ठेवतो, एवढंच.