सुनंदाच्या खोकल्याची तीन नावं

१२ नोव्हें.
सुनंदाचा थुंकीचा रिपोर्ट आला. जंतू रिफॅम्पिसिनला जुमानत नाहीत. म्हणजे टी.बी.ची मुख्य गोळीच निकामी, आणि चार महिने बाई तीच गिळतेय! पहिल्या डॉक्टरांनी नुसत्या एक्स-रेवर औषध चालू केलं. जंतू तपासलेच नव्हते. आम्ही नवरा-बायकोनीही विचारलं नाही.

१७ नोव्हें.
दुसरी गोळी, आयसोनियाझिड, तीही गेली. दोन्ही गेल्या की एम.डी.आर. म्हणतात. टी.बी. केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मध्ये गोळ्या चुकल्या होत्या?" सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "नाही."
घरी आल्यावर भांड्यांची आदळआपट. बरोबरच आहे तिचं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास, आमच्या आईने घालून दिलेला. सकाळची गोळी उपाशीपोटी उलटते, गोळीसाठी खाल्लं तर उपास मोडतो. म्हणून नऊही दिवस बंद. मला माहीत होतं. संध्याकाळच्या फराळाची केळी मीच आणत होतो.

१९ नोव्हें.
एकटाच जाऊन मॅडमना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मी विचारलं, "त्यानेच झालं का?" "सांगता येणार नाही. मुळातच असे जंतू लागले असतील."
म्हणजे हे कधीच कळणार नाही. कळलं असतं तर दोष तरी धड पदरात पडला असता.

२६ नोव्हें.
लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधंही बाद. आता नाव प्री-एक्स.डी.आर. महिना पुरा व्हायच्या आत तिसरं नाव! बाई तीच, खोकला तोच.
इथे गोरव्याच्या कारखान्यात मी माल तपासतो. मापाचा गेज लावायचा आणि टाकायचं: पास, दुरुस्ती, भंगार. आज हात चालेना. घरी लवकर आलो.
सुनंदा: "ह्याच्या पुढे काय असतं?"
सांगितलं. बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड, ह्या हाताशी उरलेल्या औषधांतलं एक जरी चालेनासं झालं तरी नुसतं एक्स.डी.आर. ती तपासणी पाठवलीय, कित्येक आठवडे लागतील.
"म्हणजे माझं अजून प्री आहे," म्हणाली आणि हसली. मला मेलं हसता येईना.

९ डिसें.
नव्या गोळ्यांनी हैराण. उलट्या. तळपाय बधिर, चप्पल निघाली तरी कळत नाही. केंद्रातले जिग्नेशभाई घरी येऊन गेले. "काका, एक पण गोळी चूकवानी नही." चुकवत नाही हो. समोर बसून देतो.
आज तिने ताट सारलं तर मी खेकसलो. मग मोरीत जाऊन रडलो. ज्याला काही करता येत नाही तोच असा खेकसतो.

१६ जाने., शुक्र.
शेजारच्या हंसाबेननी उत्तरायणाचं, म्हणजे इथल्या संक्रांतीचं, उंधियु दिलं; सगळ्या भाज्या एकत्र. सुनंदाने दोन वाट्या खाल्ल्या! कितीतरी दिवसांनी.
ती जेवत असतानाच जिग्नेशभाईंचा फोन. "काका, रिपोर्ट आवी गयो छे. मॅडमे कह्युं, बन्ने जणां आवजो. आजे ज."
"दोघांनी? आजच? काय आलंय?"
"ए मॅडम कहेशे."
मी म्हणालो, सोमवारी येतो.
आतून आवाज, "कोणाचा हो?"
म्हटलं, कारखान्यातून.
तिने अजून थोडं मागितलं. वाढलं.