अर्ध्यावरचा काटा

१ मार्च, रविवार

संकल्प. बाबांच्या गाडीचा डॅशबोर्ड बदलायचा. स्वतः, घरच्या घरी, कमीत कमी खर्चात. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, कागदपत्रांवर माझं नाव लागलं, तरी गाडीत बसलं की मीटरचा तो फिकट हिरवा उजेड माझ्याकडे असा बघतो, जणू विचारतोय, कोणाला विचारून बसलास? भीती वगैरे नाही. प्रश्न सौंदर्याचा आहे. काळी डायल, निळे एलईडी, लाल काटे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने जो आकडा सांगितला त्यात मेकॅनिकसुद्धा बदलून मिळेल.

मुदत २२ तारीख. त्या रविवारी आईला ताईकडे न्यायचंय. बाबा गेल्यापासून आई फाटकाबाहेर पडलेली नाही. ताई म्हणाली, भावोजींची मोठी गाडी पाठवते. आई म्हणाली, आले तर आपल्या गाडीतून येईन. हे ऐकून ताई फोनवर रडली. मी म्हटलं, रडू नकोस, मी आहे ना. ती आणखी रडली.

३ मार्च, मंगळवार

अभ्यास सुरू. टोपी घातलेला एक माणूस व्हिडिओत सगळं शिकवतो. फार हळू बोलतो. मी दुप्पट वेगाने पाहिला. सोपं आहे.

पेट्रोलच्या मीटरपाशी मात्र उगाच थांबलो. बाबा रोज सकाळी गाडीत बसले की त्या काचेवर बोटाच्या पेराने मारायचे. टक टक. काटा अडकायचा तो. एकदा विचारलं तर खोटं बोलतो, दोनदा विचारावं, असं म्हणायचे. ते ऐकून आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, आहे का? बाबा म्हणायचे, पुरेल. जन्मभर दोघांचं सकाळचं बोलणं एवढंच. आणि खरोखर पुरायचं. काटा अर्ध्याखाली गेला की गाडी पेट्रोलवर नाही, देवावर चालते, हे त्यांचं शास्त्र.

मी विज्ञानावर चालतो.

७ मार्च, शनिवार

मीटरचा डबा बाहेर काढला. चार स्क्रू निघाले, पाचवा निघाला नाही, म्हणून तो कोपरा तुटला. दिसणार नाही. डबा मागच्या खोलीत टेबलावर ठेवलाय. गाडीत त्या जागी आता काळं भोक आहे. स्टिअरिंगमागून त्यात बघवत नाही. त्यावर टॉवेल टाकला. धूळ जाऊ नये म्हणून.

८ मार्च, रविवार

काटे उपटायला जेवणाचे दोन काटे वापरले. टोपीवाल्याची युक्ती. एकाचे दात वाकले. ही म्हणाली, गाडीच्या आधी माझं घर मोडू नका. हिच्या नेलपॉलिशने सगळे काटे लाल केले. हिला अजून माहीत नाही.

डायलचे स्टिकर फोटोवाल्याकडून छापून आणले. वेग दोनशे साठपर्यंत. आपल्या गाडीने उतारावरसुद्धा ऐंशी पाहिलेली नाही, पण मान द्यायला काय हरकत आहे? जुन्या पांढऱ्या डायलवर चिकटवताना बाबांच्या बोटाचा एक पुसट ठसा दिसला. काचेच्या आत. ते आत कशाला गेले असतील? स्टिकर पटकन दाबला.

११ मार्च, बुधवार

काटे परत बसवले. व्हिडिओ पुन्हा पाहिला, साध्या वेगाने. काटे काढण्याआधी त्यांच्या मूळ जागेवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, नाहीतर पुढे सगळंच चुकेल, असं टोपीवाला दोनदा म्हणतो. दुप्पट वेगात ते एकदाच ऐकू आलं असावं, तेही शिंकेसारखं. असो. नजर नावाची गोष्ट असते. पेट्रोलचा काटा नजरेने बरोबर ‘रिकामी’वर बसवला.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी पेट्रोलचा काटा अर्ध्यावर.

वायर नाही, बॅटरी नाही, डबा टेबलावर उघडा. खाली ढकलला. ऑफिसातून आलो तर पुन्हा अर्ध्यावर. हवामान असेल. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे शाळेत शिकलोय. पण प्रसरण नेमकं अर्ध्यावर येऊन थांबतं, हे शिकवलं नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

काल डब्यावर मोठं पातेलं उपडं घातलं. आज उचललं. अर्ध्यावर.

दुपारी आंघोळीला गेलो असताना मागच्या खोलीतून आवाज आला. टक टक. नळ बंद केला. पुन्हा, टक टक. बाहेर आलो तर कोणी नाही. हिला विचारलं, ऐकलंस? ही म्हणाली, पातेलं शोधतेय मी सकाळपासून, मला दुसरं काही ऐकू येत नाही.

मी भूतखेत मानत नाही. यापुढे दिवा लावून काम करायचं ठरवलं, दुपारीसुद्धा. डोळ्यांसाठी.

१५ मार्च, रविवार

कळलं.

जेवणानंतर मागच्या खोलीत गेलो तर आई टेबलापाशी उभी होती. पाठमोरी. तिने डब्याच्या कडेवर पेराने मारलं, टक टक, वाट पाहिली, मग बोटाने हळूच काटा वर सरकवला. भांग सरळ करावा तसा. मला बघून दचकली नाही. म्हणाली, रिकामी दिसली की चिडायचे ते. तू रोज रिकामी करून ठेवतोस.

काटा खाली ढकलायला हात गेला, पण ढकलवेना. राहू दे म्हटलं. गाडीत लावला की करंट त्याला आपोआप जागेवर आणील. नवीन काच चिकटवून टाकली. गोंद जरा जास्त झाला, काट्याच्या मुळापर्यंत गेला. मजबुती येईल.

१७ मार्च, मंगळवार

बसवला! निळा उजेड, लाल काटे. रोज संध्याकाळी इंजिन चालू करून नुसता बघत बसायचं ठरवलं. ही म्हणाली, देखणं आहे, पण पेट्रोल? मी बोट दाखवलं. अर्धी टाकी. बाबांनी भरून ठेवलेली. या माणसाची दूरदृष्टी बघ, म्हटलं.

बाबा म्हणतात ते मला आज पहिल्यांदा पटलं. म्हणायचे, असं लिहायचं होतं.

२१ मार्च, शनिवार

आईने पिशवी भरली. ताईसाठी काय काय घेतलंय ते तीनदा दाखवलं. कोणती साडी नेसू, असं हिला विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा. पंपावर जावं का, असा विचार आला. पण काटा अर्ध्यावर. विश्वास नावाची गोष्ट असते.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळ

निघताना आईने विचारलं, काचेवर ठोकलं नाहीस? म्हटलं, आई, ही नवीन सिस्टीम आहे, हिला विचारावं लागत नाही. ती काचेबाहेर बघत होती. दुकानं, माणसं, रस्त्याचं नवीन वळण. हे कधी झालं, हे कधी झालं, असं विचारत होती. मी खूश होतो. वेग एकशे चाळीस दिसत होता आणि आमच्या पुढे एक सायकलवाला निघून गेला.

पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. काटा अर्ध्यावर. मागे हॉर्नचा कल्लोळ. आईने हात लांब केला आणि काचेवर मारलं. टक टक. काटा अर्ध्यावर. पुन्हा मारलं. तो ढिम्म.

हा विचारलं तरी खोटंच बोलतो, असं आई म्हणाली. काट्याबद्दल म्हणाली असावी.

भावोजी मोठी गाडी आणि पेट्रोलचा कॅन घेऊन आले. आई त्यांच्या गाडीत बसेना. पिशवी मांडीवर धरून म्हणाली, मला घरी सोड. ताई तिकडे पानं वाढून बसली होती. भावोजींनी गाडीचं बॉनेट उघडलं, मग टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस आहे. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

कॅन ओतला. घरापर्यंत पुरलं. फाटकात गाडी बंद पडली, आत ढकलली.

२४ मार्च, मंगळवार

संकल्प. सगळं होतं तसं करायचं. डबा पुन्हा बाहेर काढला, काच सुरीने सोडवली. स्टिकर ओढला तर खालची जुनी डायलही सालीसारखी निघून आली. आकडे गेले. तो ठसाही गेला. आता नुसता पत्रा आणि वर लाल काटा, अर्ध्यावर चिकटलेला. आईची पिशवी अजून दाराजवळ आहे. कोणी हलवत नाही.

टोपीवाल्याच्या व्हिडिओखाली तक्रार लिहिली. मग खोडली.

२९ मार्च, रविवार, सकाळ

आज पेट्रोल आणायचं होतं. आधी काच लावून डबा परत बसवला. काच नीट बसलीय का बघावं म्हणून पेराने मारलं. दोनदा. तसा विचार नव्हता, हाताने आपलं आपण केलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, आहे का?

मी म्हणालो, पुरेल. आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण तसा निघेल असं मला वाटलं नव्हतं. मान वळवून शेजारच्या सीटवर बघायचं धाडस झालं नाही. बाबांची फार आठवण आली. पहिल्यांदाच इतकी.

मग आई बाहेर आली. चांगली साडी, हातात पिशवी. शेजारी बसली, पट्टा लावला, समोर बघत राहिली. मी किल्ली फिरवली नाही. फिरवली असती तर काय झालं असतं, मला माहीत होतं. तिलाही असावं. कुकरची शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

उतरली. दार हळूच लावलं. जाताना एवढंच म्हणाली, रिकाम्या गाडीला ते कधी पुरेल म्हणाले नाहीत.

पंपावर चालत जायला हवं. कॅन भावोजींकडेच राहिलाय.