दोन बाहेर गेले, एकच परत आला

रुपालीआक्का, धाकट्या धुळाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पंधरा दिवस हे पत्र उद्यावर ढकलतोय. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी घोंगडीवर आप्पा, ही अडचण. तुझी कंबर कशी आहे? काळ्या मेंढीचा पाय? आईला सांग, मी बारीक झालेलो नाही, शर्ट मोठा आहे.

माझं बरं चाललंय. मोडनिंबचं हॉटेल सुटलं, टॉवेलचं पॅकिंग सुटलं (मधलं टेम्पोचं तुला माहीत नाही, ते राहू दे), आता गुरप्पाअण्णांच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत चार महिने टिकलोय. खोली एमआयडीसीत, कारखान्याच्या वर. खाली माग चालू असले की भिंती हलतात, म्हणून रेकॉर्डिंग माग बंद असतानाच. आणि माग बंद पडतात लाईट गेल्यावर, तेव्हा आमचं मशीनही बंद. तरी अण्णांचं नाव लई मोठं आहे.

तर वळसंगला वीरभद्रप्पांच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या तेव्हा मी आप्पांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, आठवतं ना? तूच त्यांना तयार केलंस. मी बापाचा कळप सोडून शहरात आल्यापासून तीन वर्षं ते माझ्याशी बोलत नाहीत. त्या दिवशीही माईककडं बघून गायले, माझ्याकडं नाही. एक माईक त्यांच्या तोंडाशी होता, दुसरा लांब, तुझ्याजवळ, ढोल आणि मेंढ्यांसाठी. म्हणजे एक नंबरच्या ट्रॅकवर आप्पा, दोन नंबरवर कळप.

अण्णा म्हणाले, हे दोन्ही ट्रॅक मशीनमधून बाहेर काढ, कॉम्प्रेसरच्या पेटीतून फिरवून आण आणि तीन-चार नंबरवर घे. (पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नव्हे. हा मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. घरात तू करतेस तेच.) मला वाटलं, यात काय शिकायचं? सकाळी मेंढ्या सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. सोडल्या, आणल्या. जागा हवी म्हणून जुने एक आणि दोन नंबर लगेच पुसूनही टाकले.

आपल्यात शेंबडं पोरसुद्धा आधी मेंढ्या मोजतं, मग जाळी लावतं. मी जाळी लावून मोजलं. एक नंबरची वायर पेटीत बसलीच नव्हती. चार नंबरवर सगळा कळप परत आला, तीन नंबरवर शुकशुकाट. आप्पा हरवले. अण्णा म्हणाले, ‘मेंढपाळाचा तू, आणि मोजलं न्हाईस व्हय रे?’ दिवसभर घास उतरला नाही (दोन वडे सोडून).

पण तेव्हापासून तो चार नंबर रोज ऐकतोय. ढोल थांबला की पेटीनं खालचं सगळं वर काढलेलं ऐकू येतं. कोकरू, तुझ्या बांगड्या, आणि दोन ओव्यांच्या मधे पाणी प्यायला तुझ्याकडं आलेले आप्पा, अगदी हळू: ‘त्यो जेवला का, इचार की.’ मग तू लांबून ओरडतेस, ‘धुळ्या, जेवलास का रं?’ आक्का, तीन वर्षं फोनवर तू पहिलं हेच विचारतेस. मला वाटायचं, तूच विचारतेस.

तुझा,
धुळा

ता. क. खरं काम हे की आप्पांना परत एकदा गायला तयार कर. पुसलं म्हणून सांगू नकोस. मशीनला लई आवडलं, पुन्हा मागतंय, असं सांग.

ता. क. दुसरा: शिवू टेम्पोवाला हे पत्र न्यायला आला आणि गाडीतून आप्पा उतरले! सोलापुरात कधी पाऊल न टाकणारे आप्पा! स्वतःचा आवाज ऐकायला आलेत. चपला बाहेर, घोंगडी खांद्यावर, हातात भाकरीचं गाठोडं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णांना विचारलं, ‘ह्यो जेवला का?’

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, ‘न्हाय, आप्पा.’

(आत्ताच जेवलो होतो. पुसल्याचं भाकरी झाल्यावर सांगतो.)